कानाच्या पडद्यापर्यंत उजेड

आषाढात रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला की नवेगाव बांधच्या आसपास बाया-माणसं दिवसभर बांध्यांमधल्या चिखलात वाकलेली असतात आणि पोरं बोडीत, म्हणजे गावच्या छोट्या तळ्यात, डुंबत असतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला म्हणून सांगितला जाणारा इथला मोठा तलाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात बहुतेक गावांना आपलं एखादं तळं, एखादी बोडी असतेच. पाऊस, साचलेलं पाणी, दमट हवा आणि जमिनीवर अंथरलेलं अंथरूण. कानाच्या तक्रारींना याहून सोयीचा हंगाम नाही. कुणाचा कान खाजतो, कुणाचा ठणकतो, कुणाचा वाहतो, तर कुणाच्या कानात रात्री किडा शिरतो. बाहेरून बघावं तर सगळे कान सारखेच दिसतात.

आत बघायचं म्हटलं तर वाट फार लांब नाही, जेमतेम अडीच सेंटिमीटर. पण ती सरळ नाही. कानाची नळी किंचित नागमोडी असते. बाहेरचा एक-तृतीयांश हिस्सा कूर्चेचा, आतला हाडाचा. म्हणून मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढावा लागतो, तान्ह्या मुलाचा खाली आणि मागे. तेव्हा कुठे नळी सरळ होते. शेवटी असतो तो पडदा, सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचा आणि जाडीला मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. खरी अडचण मात्र वेगळीच आहे. इतक्या अरुंद भोकात बघायला डोळा लावला की त्याच डोळ्यामुळे, त्याच डोक्यामुळे उजेड अडतो. दिवा बाजूला धरला तर प्रकाश नळीच्या भिंतीवर पडतो, पडद्यावर नाही. उजेड आणि नजर एकाच रेषेत आत कशी घालायची, हा प्रश्न शरीरात डोकावणाऱ्या जवळजवळ प्रत्येक उपकरणाच्या मुळाशी आहे.

नळीतून बघायची कल्पना जुनी आहे. सुश्रुताने सांगितलेल्या १०१ यंत्रांपैकी २० नाडीयंत्रं, म्हणजे पोकळ नळ्या. त्यांच्या उपयोगांमध्ये शल्य बाहेर काढण्याबरोबर रोग डोळ्यांनी पाहणं हाही एक उपयोग दिला आहे. मूळव्याध तपासायचं अर्शोयंत्र गाईच्या सडासारखं असावं, असं त्याचं मापही सांगितलं आहे. युरोपात कानाची नळी रुंद करून धरणारं उपकरण जर्मन शल्यवैद्य फाब्रिशियस हिल्डानुस याच्या नावावर जमा आहे. एका मुलीच्या कानात काचेचा मणी बरीच वर्षं अडकला होता आणि इतरांना काढता आला नव्हता. तो त्याने काढला, ही त्याची गाजलेली केस. अशा नळ्यांनी वाट मोकळी झाली, उजेडाचं कोडं मात्र सुटलं नाही. रुग्णाला खिडकीशी बसवायचं आणि ऊन येण्याची वाट पाहायची, एवढाच इलाज. ढगाळ दिवशी कान तपासणं बंद.

ते कोडं सोडवलं एका आरशाने. १८४१ मध्ये जर्मनीतल्या वेस्टफालिया प्रांतातल्या फ्रीडरिश होफमान नावाच्या डॉक्टरने एक अंतर्वक्र आरसा घेतला आणि त्याच्या मधोमध भोक ठेवलं. आरसा उजेड गोळा करून कानात टाकतो आणि डॉक्टर त्या भोकातून बघतो. नजर आणि प्रकाश आपोआप एका रेषेत येतात. इतकी साधी युक्ती असूनही फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १८५५ मध्ये आंटोन फोन ट्रोल्ट्श याने पॅरिसमध्ये जर्मन डॉक्टरांपुढे असाच आरसा दाखवला आणि मग त्याचा प्रसार झाला. पुढे आरसा पट्ट्याने कपाळावर आला, डॉक्टरचे दोन्ही हात मोकळे झाले. व्यंगचित्रातल्या डॉक्टरच्या कपाळावर जी गोल चकती असते ती हीच. चित्रकार ती सरसकट सगळ्या डॉक्टरांना चिकटवतात. खरं तर ती कान-नाक-घसावाल्यांची. आजही वैद्यकीय महाविद्यालयाच्या कान-नाक-घसा विभागात विद्यार्थी हा आरसा लावायला शिकतात. रुग्णाच्या खांद्यामागे दिवा, डॉक्टरच्या कपाळावर आरसा, एका डोळ्याने भोकातून बघायचं आणि दुसराही उघडाच ठेवायचा. पहिले काही दिवस रुग्णाच्या कानाऐवजी भिंतच उजळून निघते.

ऑटोस्कोप या कानात बघायच्या उपकरणात या सगळ्याची मांडणी एका मुठीत बसवली आहे. दांड्यात बॅटरी, डोक्यात बारीक दिवा, समोर सुमारे अडीच पट मोठं दाखवणारं भिंग आणि टोकाला बदलता येणारा शंकू. मुलांसाठी साधारण अडीच मिलिमीटरचा, मोठ्यांसाठी चार मिलिमीटरचा. तो धरायचीही एक रीत आहे. पेन धरावं तसा धरायचा आणि करंगळी रुग्णाच्या गालावर टेकवून ठेवायची. पोराने अचानक मान झटकली तर हात आणि उपकरण डोक्याबरोबरच हलतात, शंकू आत घुसत नाही. दुखऱ्या कानाआधी चांगला कान बघायचा. एक म्हणजे मूल धास्तावत नाही, आणि दुसरं म्हणजे त्याचा निरोगी पडदा कसा दिसतो ते कळतं. काही जणांना शंकू आत शिरताच ठसका लागतो. पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक शाखा कानाच्या नळीतही येते, त्यामुळे कानाला स्पर्श झाला की घशाला खवखव होते.

निरोगी पडदा मोतिया राखाडी रंगाचा आणि अर्धपारदर्शक असतो. हातोडी नावाच्या हाडाची मूठ त्यातून दिसते, आणि उजव्या कानात घड्याळाच्या पाचच्या जागी, डाव्या कानात सातच्या जागी प्रकाशाचा एक चकचकीत त्रिकोण पडतो. तो त्रिकोण विस्कटला, पडदा लाल होऊन फुगला तर मागे पू साठलाय. पडदा आत ओढला गेला असेल आणि पिवळसर दिसत असेल तर मागे चिकट द्रव आहे. असं मूल बहिरं नसतं, पण त्याचं ऐकणं २५-३० डेसिबलने कमी झालेलं असतं. गोंदियाच्या तळ्यांवर जोडीने ओरडणाऱ्या सारसांचा आवाज त्याला नीट ऐकू येईल. मागच्या बाकावर बसलेल्याने हळूच सांगितलेलं उत्तर येणार नाही. शाळेत ते ‘लक्ष देत नाही’ म्हणून बोलणी खातं.

पावसाळ्यात खाजणाऱ्या कानात बहुधा बुरशी निघते. ऑटोस्कोपमधून ती ओल्या टीपकागदासारखी दिसते, त्यावर काळे ठिपके. त्यावर नुसते जंतुनाशक थेंब घातले तर ती हटत नाही, उलट फोफावू शकते. आधी कान स्वच्छ करून मग बुरशीविरोधी औषध घालावं लागतं. किड्याचं तंत्र वेगळं. जिवंत किडा आत फडफडत असेल तर आधी तेलाचे थेंब टाकून त्याला गतप्राण करतात आणि मग बाहेर काढतात. पण पडद्याला आधीच भोक असेल तर तेल-पाणी काहीच घालायचं नाही. धान झोडपताना, खेळताना लहान मुलाच्या कानात धानाचा किंवा हरभऱ्याचा दाणा जातो तेव्हा तर पिचकारीने पाणी मारणं ही चूकच. दाणा फुगतो आणि अधिकच घट्ट बसतो. घड्याळातला बटण-सेल गेला असेल तर थेंबभरही पाणी न घालता तासाभरात रुग्णालय गाठलेलं बरं, कारण तो ओलाव्यात आतली कातडी जाळतो. बुरशी, किडा, दाणा, सेल, अशी चारही मुलं एकच तक्रार घेऊन येतात, ‘कान दुखतो’. आत न बघता चौघांनाही एकच थेंब लिहून देण्याचा उद्योग आपल्याकडे सर्रास चालतो. ज्या मेजावर रक्तदाब मोजायचं यंत्र असतं त्याच मेजावर ऑटोस्कोप का नसावा, हा प्रश्न विचारायला हवा. दोहोंच्या किमतीत फार फरकही नाही.

वाहणाऱ्या कानाची गोष्ट अधिक गंभीर. पडद्याला कायमचं भोक पडून कान वारंवार वाहण्याचं प्रमाण ज्या देशांत सर्वाधिक आहे, त्यांत जागतिक आरोग्य संघटनेने भारताला बसवलं आहे. लोकसंख्येच्या चार टक्क्यांहून अधिक. भोक पडद्याच्या मधोमध असेल तर धोका कमी. कान कोरडा ठेवला, व्हॅसलीन लावलेला कापूस घालून आंघोळ केली, बोडीत डुबकी मारायचं टाळलं तर बराच काळ निभावतं. भोक वरच्या कडेला असेल, त्यात पांढरे पापुद्रे दिसत असतील आणि स्राव थोडा पण दुर्गंधीचा असेल, तर तो आजार हाड पोखरतो आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतो. बाहेर कापसावर दिसणारा पू दोन्हीकडे सारखाच. फरक दिसतो तो फक्त आत बघितल्यावर.

कानाहून खोल जायचं तर मामला कठीण होत गेला. फ्रँकफुर्टच्या फिलिप बोझिनीने १८०६ मध्ये मेणबत्ती, आरसा आणि नळ्या बसवलेली एक पेटी जाहीर केली. तिने शरीराच्या पोकळ्यांत उजेड टाकता येई. व्हिएन्ना विद्यापीठाच्या वैद्यक विद्याशाखेने तिची खिल्लीच उडवली. बोझिनी तीन वर्षांनी टायफसने वारला, वय ३५. मेणबत्तीचा उजेड मूत्राशयापर्यंत किती पोचणार, हेही खरंच. १८६८ मध्ये फ्रायबुर्गच्या आडोल्फ कुसमाउलने तलवारी गिळणाऱ्या एका खेळियाला बोलावलं आणि त्याच्या घशातून सरळ, ताठ नळी पोटापर्यंत घातली. नळी गेली, दिसलं मात्र फारसं काही नाही, उजेड पुरला नाही. त्याच्या चौदा वर्षं आधी मानुएल गार्सिया या गायनशिक्षकाने दंतवैद्याचा छोटा आरसा आणि ऊन एवढ्यावर आपल्याच स्वरतंतूंचं दर्शन घेतलं होतं. डॉक्टरांना जे साधलं नव्हतं ते एका गवयाने उन्हात उभं राहून केलं. माक्स नित्सेने १८७७ मध्ये उजेडाचा उगमच नळीच्या टोकाला नेला. पण ती प्लॅटिनमची तापलेली तार इतकी गरम व्हायची की भोवती सतत थंड पाणी खेळवावं लागे.

ताठ नळी वाकवली की प्रकाश अडतो. प्रकाश वळणं घेत नाही, असं शाळेत शिकवतात. मोगा इथे जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांना हे शाळेतच पटलं नव्हतं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी काचेच्या हजारो बारीक तंतूंची जुडी बांधली. प्रत्येक तंतूत प्रकाश आतल्या भिंतींवरून परावर्तित होत पुढे सरकतो, तंतू वाकवला तरी. जानेवारी १९५४ मध्ये ‘नेचर’ने त्यांचा शोधनिबंध छापला. तीन वर्षांनी अमेरिकेत बॅसिल हिर्शोविट्झने तंतूंची लवचिक दुर्बीण बनवली आणि पहिल्यांदा आपल्याच घशातून खाली उतरवली. आज गोंदिया किंवा नागपूरला पोटाची ‘दुर्बीण’ करायला गेलेला माणूस डाव्या कुशीवर निजतो, घशात बधिर करणारा फवारा घेतो आणि दहा मिनिटांत उठून बसतो. कुसमाउलच्या खेळियासारखी मान ताणून ताठ राहायची त्याला गरज नसते.

पोटाच्या भिंतीला छिद्र पाडून आत बघणाऱ्या दुर्बिणीचा महाराष्ट्राशी संबंध जवळचा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले शल्यचिकित्सक डॉ. तेहेमटन उडवाडिया १९७२पासून रोगनिदानासाठी लॅप्रोस्कोप वापरू लागले. त्या काळी सीटी स्कॅन आपल्याकडे नव्हता आणि पोट उघडून बघणं म्हणजे मोठी शस्त्रक्रिया. १९९० मध्ये त्यांनी जे. जे.मध्येच दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. विकसनशील देशांत ते पहिलं मानलं जातं. हे श्रीमंतांचे चोचले आहेत, असं तेव्हा अनेकांना वाटे. उडवाडियांचा अनुभव उलटा होता. जे. जे.त येणारा रुग्ण बहुधा रोजंदारीवरचा. पोटावर वीतभर चिरा पडला तर त्याची महिनाभराची मजुरी बुडते. चार छोट्या छिद्रांनी भागलं तर आठवड्याभरात तो कामावर जातो. हे गणित रोवण्याच्या मजुरीला तंतोतंत लागू आहे. उडवाडियांना २०१७ मध्ये पद्मभूषण मिळालं; जानेवारी २०२३ मध्ये ते गेले.

खेड्यापाड्यांत मात्र ही दुर्बीण वेगळ्याच वाटेने आधी पोचली. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत बायकांच्या बीजवाहिन्यांवर रिंग बसवायला लॅप्रोस्कोप वापरू लागले. ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हटलं की विदर्भातल्या बायांना आजही पित्ताशय आठवत नाही, हेच आठवतं. आरोग्य केंद्रात रांगेने खाटा, एका बाईला काही मिनिटं, संध्याकाळी घरी. आकड्यांचं लक्ष्य असलं की काय होतं तेही नंतर दिसलं. गोंदियाहून हावड्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या बिलासपूर जिल्ह्यात नोव्हेंबर २०१४ मध्ये एका शिबिरात एकाच दिवशी ८३ बायकांवर काही तासांत शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर १३ जणी दगावल्या. औषधांत भेसळ होती का यावरही बराच वाद झाला, पण उपकरणांचं निर्जंतुकीकरण नीट झालं नव्हतं हा ठपका राहिलाच. शरीरात शिरणारी प्रत्येक दुर्बीण एका रुग्णानंतर रसायनात ठरावीक वेळ बुडवून ठेवावी लागते. ती वेळ कापली की दुर्बीण रोग दाखवायच्या ऐवजी रोग वाहून नेते. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. ऑटोस्कोपच्या शंकूलाही हाच नियम आहे. एका कानातली बुरशी दुसऱ्या कानात नेऊन सोडायला त्याला एक मिनिट पुरतं.

आत पाहिलं, भोक सापडलं, पुढे काय? पडद्याचं भोक बुजवायला कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून ठिगळ म्हणून लावतात. हे काम बहुधा सूक्ष्मदर्शकाखाली होतं, आणि शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक पहिल्यांदा आला तो कानासाठीच, १९२१ मध्ये स्टॉकहोमला, कार्ल नीलेन याच्या हातून. आपल्याकडे हे तंत्र रुळावरून खेड्यांकडे गेलं. १६ जुलै १९९१ रोजी मुंबईहून निघालेल्या जीवनरेखा एक्सप्रेसच्या डब्यांत ऑपरेशन थिएटर होतं. ही जगातली पहिली रुग्णालय-गाडी मानली जाते. स्टेशनवर ती मुक्काम करायची आणि मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ यांच्याबरोबर कानांच्या शस्त्रक्रियाही करायची. नाकाच्या पोकळ्यांत दुर्बिणीने शिरून सायनसची शस्त्रक्रिया करण्याचं आणि जन्मतः बहिऱ्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट बसवण्याचं काम मुंबईत डॉ. मिलिंद कीर्तने यांनी रुजवलं. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

शाळेत जाऊन मुलांना तपासणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही महाराष्ट्रातच, पालघरला, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी सुरू झाला. त्याच्या आजारांच्या यादीत कान वाहणं आहे आणि जन्मजात बहिरेपणही. तपासणी पथकाच्या पिशवीतल्या ठरलेल्या सामानाची यादी मोठी गोड आहे: घंटी, खुळखुळा, टॉर्च, एक इंची ठोकळे, रंगीत लोकर, बाटलीत बेदाणे. घंटी वाजवल्यावर तान्हं मूल मान वळवतं का, इथून सगळी तपासणी सुरू होते. त्यापुढची पायरी म्हणजे कानात बारीक आवाज सोडून आतून येणारा प्रतिध्वनी टिपणारं यंत्र. निरोगी कान स्वतःही आवाज काढतो, हे इंग्लंडच्या डेव्हिड केम्पने १९७८ मध्ये दाखवलं; त्यावरच हे यंत्र चालतं. झोपलेल्या बाळाचाही कान त्याने तपासता येतो, त्याला काही विचारावं लागत नाही.

गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियाही बसतात. पण नवेगाव बांधहून गोंदिया साधारण ६५ किलोमीटर. मजुरी बुडवून, एसटीने, नुसतं ‘काही नाही, मळ आहे’ हे ऐकायला कुणी तेवढं जात नाही. आणि जायलाच हवं होतं असा कान घरीच वाहत राहतो. म्हणून पहिली नजर गावात हवी. मोबाइलला जोडायचा ऑटोस्कोप यासाठीच आला. २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या वस्त्यांमध्ये ‘श्रुती’ या उपक्रमात आरोग्य सेविकांनी असं उपकरण घेऊन घरोघरी कानांचे फोटो काढले आणि ते तज्ज्ञांनी दूर बसून पाहिले. स्कॉटलंडमध्ये तयार झालेला खिशात मावणारा ‘आर्कलाइट’ तर सौरऊर्जेवर चालतो. डोळा आणि कान दोन्ही दाखवतो, वीज गेली तरी अडत नाही. उपकेंद्रांतून ई-संजीवनी या सरकारी दूरसल्ला सेवेवर तज्ज्ञ डॉक्टरशी बोलता येतं; बोलण्याबरोबर पडद्याचा एक नीट फोटो असेल तर कोणाला गोंदियाला पाठवायचं आणि कोणाला थेंब देऊन घरी, हे तिथल्या तिथे ठरतं.

दरम्यान बाजाराने आपली वाट शोधली आहे. वायफायवर चालणारे, टोकाला बारीक चमचा लावलेले कानाचे कॅमेरे आता ऑनलाइन मागवता येतात आणि पोरं ते हौसेने मागवतात. कानातला मळ हा मुळात आजार नाही. नळीची कातडी आतून बाहेर सरकत राहते आणि मळ आपसूक बाहेर येतो. तो कोरायला गेलं की आत ढकलला जातो. पूर्वी हे काम काडेपेटीची काडी, पिन आणि कानकोरणं करायचं, आता कॅमेरा लावलेला चमचा करतो. मोबाइलच्या सपाट चित्रात पडदा किती अंतरावर आहे ते कळत नाही, आणि मागून कुणी धक्का दिला तर गालावर टेकवलेली करंगळीही नसते. घरात असा कॅमेरा आलाच असेल तर चमचा काढून ठेवावा. वाहत्या कानाचा फोटो काढून डॉक्टरला दाखवायला तो चांगला उपयोगी पडतो.